अकरा चुलींचा पंचनामा

हे कुणाला पटणार नाही, आणि पटावं म्हणून मी सांगतही नाही. एका दिवसात, सकाळच्या धारा काढल्यापासून ऊन कलेपर्यंत, मी एकटा अकरा घरं झालो होतो. त्या घरांतली म्हातारी, तरणी, खोकणारी, भांडणारी, गवताला गेलेली आणि अंघोळीला बसलेली सगळी माणसं मीच. सरकारी साहेबानं त्यातल्या चार घरांत चहा घेतला आणि चारही घरांत मला नव्यानं राम राम घातला.

"चार?" कुंभार म्हणाला. "गेल्या खेपेला तीन होती, आबा."

"गेल्या खेपेला ऐकायला तू एकटाच होतास. आज पाहुणी आहे. पाहुणीला जास्त वाढायचं असतं."

कुंभार म्हणजे पवनचक्क्यांचा मेकॅनिक. महिन्यातून एकदा जीप घेऊन सड्यावर, म्हणजे ह्या डोंगरमाथ्याच्या पठारावर येतो, पंख्यांना तेलपाणी करतो आणि जाताना माझ्या अंगणात बसून एक थाप ऐकून जातो. त्या दिवशी त्याच्याच जीपमधून वैजू आली होती. वैजू माझ्या धाकट्या भावाची, बिरूची मुलगी. वाढली कळंबोलीत, शाळा तिथली, नोकरी तिथली. बिरू गेल्या थंडीत वारला, आणि बाप गेल्यावर पोरीला बापाचं घर बघावंसं वाटलं. आल्या आल्या तिनं त्या घराची कडी काढली, आत जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला. तशीच बाहेर येऊन म्हणाली, "आबा, इथं कुणी राहत नाही, तरी वीज चालू कशी?"

आता एवढा सरळ प्रश्न विचारल्यावर माणसानं कुठून सुरुवात करायची? मी वाऱ्यापासून केली.

आमच्या भैरीच्या सड्यावरचा वारा कसा, ते आधी कळलं पाहिजे. एका आषाढात मी खालच्या गावाकडं तोंड करून एक शिवी हासडली, तर ती तिसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या बाजारात एका निरपराध कांदेवाल्याला लागली. असा वारा. त्याच्यावर कंपन्यांचा डोळा जाणारच होता. आमची जुनी माणसं म्हणायची, जमीन सरकारची, वारा कंपनीचा आणि गारठा तेवढा आपला.

"पण पंखे कड्याच्या बाजूला आहेत," वैजू म्हणाली. "मधलं गवत तसंच आहे. तळंही आहे."

"तेच तर," कुंभार म्हणाला. "पलीकडच्या सड्यावर बघा ताई, गवतातनंच रस्ते नेलेत. तळ्यात भराव. इथं कंपनीला वाडीची सभा घ्यावी लागली, वाडीच्या अटी मानाव्या लागल्या. पंखे कड्याला, गवत म्हशींना, जमीन भाड्यानं, आणि दर चुलीमागं एक वीजजोड. सगळं आबांच्या त्या एका दिवसामुळं."

"तू सांगतोस का मी सांगू?" मी म्हणालो.

त्यानं हात जोडले.

आम्ही गवळी धनगर. येडगेवाडीत आमची अकरा घरं. सड्यावरचं गवत पावसाळाभर राखायचं, त्यात म्हैस घालायची नाही, आणि दसरा झाला की सगळ्यांनी मिळून रान मोडायचं, म्हणजे चरायला-कापायला खुलं करायचं, हा रिवाज. वाटा म्हशींवर नाही, चुलीवर. ज्याच्या दहा म्हशी त्यालाही एक वाटा आणि ज्या विधवेकडं एक रेडकू तिलाही एकच. घरात चूल पेटते ना, मग तू सड्याचा धनी. कागद कधी कुणी विचारला नाही.

दुसरा रिवाज विस्तवाचा. कुणाची चूल विझली तर काडेपेटी शोधत नसत. शेजारच्या घरून खापरावर विस्तव आणायचा. फक्त ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याचा घ्यायचा नाही आणि त्याला द्यायचाही नाही.

मग माथाडीच्या कामाची ओढ लागली. आधी एक घर गेलं, मग दोन, मग ज्यांनी 'आम्ही नाही जाणार' म्हणून शपथा घेतल्या ते सगळ्यांत आधी गेले. माझी बायको तोवर देवाघरी गेली होती. बिरू गेला तो म्हशी विकून. मला न विचारता विकल्या. त्या दिवशी मी त्याच्या दारात उभा राहून म्हणालो, "परत आलास तर तुज्या चुलीला माजा इस्तू लागायचा न्हाई."

तो म्हणाला, "नगो. माज्या पोरीला तिकडं ग्यास हाय."

"मी तेव्हा चार वर्षांची होते," वैजू म्हणाली.

"व्हय. तुझ्या हातात खुळखुळा होता, तो तू माझ्या डोक्यात घातलास. अजून टेंगूळ आहे."

ती हसली. हसताना बिरूसारखी एका बाजूनं हसते.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत सड्यावर मी आणि माझी म्हैस चांदी, एवढेच उरलो. संध्याकाळी मी अंगणात उभा राहून दहा घरांना हाका मारायचो. कोंडीबा, दार लाव. ठकूबाई, कोंबड्या झाकल्या का? सवय मोडू नये म्हणून. वारा उत्तर देतो, पण तो कुणाच्याही आवाजात देतो.

असल्याच एका दिवशी खालच्या गावचा कोतवाल सीताराम धापा टाकत वर आला. पाणी प्यायला, टोपीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "जानूबा, उद्या म्हसुलाचा सर्कल येतोय. चुलींचा पंचनामा हाय."

"माझी चूल बघून काय करनार?"

"तुजी एकट्याची न्हवं. वाडीची. चुली पेटत्या दिसल्या तर वस्ती. न्हाईतर बेचिराग लिवनार."

"बेचिराग म्हंजी?"

"म्हंजी इथं दिवा लावायला मानूस न्हाई. मंग सड्याचं काय करायचं ते इचारायला बी कुनी न्हाई. पंखं पायजे तिथं, रस्ता पायजे तिथनं. सरपंच तर टपूनच बसल्याला."

"आन मी? मी कोन हाय?"

सीतारामनं खाली बघितलं. "एकटा मानूस म्हंजी राखनदार, जानूबा. वस्ती न्हवं."

तो गेल्यावर मी भैरीच्या खडकावर चढलो. तिथंच तेवढी मोबाइलला रेंज यायची. कोंडीबाला लावला. म्हणाला, जानूदादा, गावाकडच्या रानासाठी मुकादम सुट्टी देत नाही. ठकूबाईच्या पोरानं सांगितलं, भैरीच्या जत्रेला नक्की येतो. भागूच्या जावयानं विचारलं, कोण जानू? असं करत नऊ घरं झाली. नऊ जणांनी चांगलं गोड बोलून फोन ठेवला. शेवटी आवाज बंद झाला की कानाशी नुसता वारा.

"आणि बाबांना?" वैजूनं विचारलं.

"त्याला नाही केला. बोलणं बंद होतं आमचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी गोष्ट पुढं नेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत धार काढली आणि माझ्या चुलीतला विस्तव खापरावर घेतला. कोंडीबाच्या घरात गेलो. दार उघडताच वटवाघूळ तोंडावर आलं. चुलीत शेणी रचल्या, वर ओला पाला घातला, विस्तव सारला. धूर हवा होता, भाकरी कुणाला भाजायची होती? मग पुढचं घर. मग पुढचं. परड्यामागची म्हशींची वाट आमच्या सगळ्या घरांच्या मागच्या दारांवरून जाते, तिच्यावरून मी पळत होतो. बायकोची जुनी लुगडी पेटीतून काढून दोऱ्यांवर टाकली. एका दारात वहाणा, एका दारात कुऱ्हाड, एका ओट्यावर सुपात नाचणी. सूर्य वर आला तेव्हा दहा घरांतून धूर निघत होता. माझंच गाव मला ओळखू येईना. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि खरं सांगतो, कुणीतरी कुणाला तरी हाक मारेल म्हणून थांबलो.

"दहा," कुंभार म्हणाला. "अकरावं?"

"अकरावं बिरूचं. तिथं विस्तव न्यायचा नव्हता. रिवाज म्हणजे रिवाज."

साहेब आले ते दोन हातांवर आणि दोन पायांवर. सर्कलसाहेब पाखरे; माणूस वयस्क, चढ त्यांच्या छातीला झेपला नव्हता. बरोबर सीताराम, आणि कंपनीच्या बाजूचा जमिनीचा एजंट बंडा मोहिते. बंडाच्या पायांत पांढरे बूट होते. सड्यावर पांढरे बूट घालून येणारा माणूस मुक्कामाला येत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

पहिलं घर माझं. मी जानू येडगे म्हणून चहा दिला. ते कप खाली ठेवून उठले तसा मी, "व्हा पुढं, म्हशीला पानी दावून आलो," म्हणून मागच्या दारानं पळालो, पटका सोडून घोंगडी पांघरली आणि कोंडीबाच्या ओट्यावर खोकत बसलो.

"राम राम," साहेब म्हणाले. "नाव?"

"कों... कों... कोंडीबा," मी खोकल्यातून नाव काढलं.

"घरात किती माणसं?"

"समदी गवताला गेल्याती."

ठकूबाईच्या घरात मी दाराआड बसून बायकी आवाज काढला, "अंघुळीला बसलीया, आत येऊ नगा!" साहेब दोन पावलं मागं सरले. भागूच्या घरी मी लंगडा होतो. त्याच्या पुढच्या घरी बहिरा, म्हणजे प्रश्नांचा त्रास नको. चांदीला मी आडवाटेनं ओढत नेऊन दर दोन घरांआड बांधत होतो. चौथ्यांदा ती दिसली तेव्हा साहेब थांबले.

"हिच्याही कपाळावर चांद?"

"एकाच रेड्याची औलाद, साहेब," मी बहिरा असूनही उत्तर दिलं. सीतारामनं हसू दाबायला तंबाखूचा एवढा मोठा बार भरला की दोन दिवस त्याला बोलता आलं नाही.

चौथा चहा पिताना साहेब ओट्यावर टेकले. कड्याकडं बघत म्हणाले, "तुमच्या वाडीत सगळ्यांच्या चहाला एकच चव आहे."

"तळं एकच हाय, साहेब."

"हं." कप हातात तसाच. "आमचं गाव धरणात गेलं. मी लहान होतो. वीज खूप झाली म्हणतात. आमच्या नव्या वसाहतीत दिवे यायला चौदा वर्षं लागली. एवढी वीज कुठं गेली, ते कुणी सांगत नाही."

"साहेब, ते जुनं झालं," बंडा म्हणाला. "आता वाऱ्याची वीज. कुणी बुडत नाही, धूर नाही, काही नाही. देशाचं भलं. इथं कुणी राहत असतं तर गोष्ट वेगळी."

"धूर तर दिसतोय की."

"धूर दिसतोय." बंडा उठला, सरळ आत गेला आणि पांढऱ्या बुटानं चूल उकरली. "राख कुठाय, साहेब? रोज पेटणाऱ्या चुलीत मूठभर तरी जुनी राख असते. ही आज सकाळची आहे. सगळ्या चुली बघा, सगळ्या आज सकाळच्या आहेत. आणि ते शेवटचं घर बघा, तिथं तर धूरही नाही."

एवढं सगळं सोंग केलं आणि राख विसरलो. माझ्याच चुलीत ढीग होता, पाटी भरून नेली असती तर कुणाला कळलं नसतं. पण विस्तव शेजाऱ्याला द्यायचा असतो, राख कुणी कधी दिली आहे? सुचणार कसं?

बंडानं बिरूच्या घराचं दार ढकललं. आत कोळ्यांची जाळी आणि चुलीत उंदरानं केलेलं घर. बाहेर येऊन त्यानं हात झटकले. "लिहा, साहेब. बेचिराग."

पाखरे साहेबांनी पेन काढलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगावर एका घरची घोंगडी, दुसऱ्या घरची टोपी आणि पाय अजून लंगडतच होता.

"तुम्ही जानूच ना?" ते हळू म्हणाले.

मी टोपी काढून हातात घेतली.

"जानूबा, नीट ऐका. प्रत्येक घरात मला एक माणूस भेटलं. एका वेळी दोन माणसं मी ह्या वाडीत पाहिली नाहीत. मला दोन माणसं शेजारी शेजारी उभी दाखवा. कुठल्याही घरची. बाकी मी काही विचारणार नाही. दोन माणसं असली की ती एकमेकांना हाक मारतात, ती वस्ती. मी तसं लिहीन."

"साहेब—" बंडा म्हणाला.

"थांबा हो जरा."

एवढा मोठा सडा. तळ्यापासून कड्यापर्यंत गवत, दहा घरांचा धूर, दोऱ्यांवर वाऱ्यात फडफडणारी लुगडी. मी अकरा माणसं होऊ शकत होतो, तीस होऊ शकत होतो, पण दोन होऊ शकत नव्हतो. मी चांदीकडंसुद्धा बघितलं. ती रवंथ करत होती. साहेबांनी घाई केली नाही. ते उभे, मी उभा. आत्ता कागदावर एक शब्द पडणार आणि मी माझ्या घरात राखणदार होणार, हे मला दिसत होतं. गवत जाणार, तळं जाणार, आणि उद्या कोंडीबा किंवा ठकूबाईचा पोरगा परत यायचं म्हणाला तर त्याला कुठं यायचं ते उरणार नव्हतं.

आणि तेवढ्यात बिरूच्या घराचं मागचं दार वाजलं.

"बाबांच्या?" वैजू म्हणाली.

"तुझ्या बापाच्या. अगं, मीच दचकलो! आतनं जाळी बाजूला सारत बिरू बाहेर आला. अंगावर एस्टीची धूळ, हातात रेक्झिनची पिशवी, डोळे रात्रभर न झोपलेले. बंडाचं तोंड असं उघडं राहिलं की त्यात चिमणीनं अंडं घातलं असतं. बिरूनं साहेबांना राम राम केला, माझ्याजवळ आला, अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा. आणि म्हणाला, 'दादा, चूल इझलीया. इस्तू दे.'"

कुंभारनं मांडीवर थाप मारली. हा भाग त्याला फार आवडतो.

"मी खापर आणलं. सगळ्यांच्या देखत. आम्ही दोघं त्याच्या चुलीपुढं बसलो. उंदीर पळाला. बिरूनं फुंकर घातली, मी घातली. साहेबांनी दारातनं बघितलं, कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, वस्ती आहे. बंडा आल्या वाटेनं पांढरे बूट काळे करून गेला. मग वाडीची सभा लागली, तेव्हा दोन जीपा भरून माणसं आली, भांडून भांडून अटी घातल्या, आणि अकराच्या अकरा चुलींना दिवा मिळाला. म्हणून बिरूच्या घरात वीज आहे. आता रोज दिवेलागणीला मी बटणं दाबत फिरतो, एवढंच."

"आणि बाबा त्या सभेला?"

"त्याला सुट्टी कुठली? ती त्यानं त्या दिवशीच खर्चून टाकली होती ना. रात्री जेवला माझ्याकडं. नाचणीची भाकरी आणि लोणी. तू कशी आहेस ते सांगत होता. पहाटे खाली उतरला. वळणावर जाऊन त्यानं मागं बघितलं आणि हात केला. तुझा बाप फुंकर घालायचा ना, तेव्हा गाल असे फुगवायचा की—"

"आबा," वैजू म्हणाली.

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला होता. कुंभार हसत होता, तो तिच्याकडं बघून थांबला.

"आबा, बाबा आले नव्हते. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मी दहावीला होते. आदल्या संध्याकाळी तुम्ही फोन केला होता, आणि तो मीच उचलला. बाबा समोर जेवत बसले होते, त्यांनी हातानंच नाही म्हटलं. मी म्हणाले, बाबा घरी नाहीत. तुम्ही म्हणालात, 'त्याला सांग, चूल मी पेटवतो, इस्तू मी देतो, तू नुसता दारात येऊन उभा राहा.' हे मी त्यांना सांगितलं, आबा. ते जेवतच राहिले. म्हणजे तिथं दुसरं माणूस कुणी नव्हतंच. त्या साहेबानं तुम्हालाच दोनदा मोजलं."